ज्याने बांधला, त्यानेच काढायचा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. बावीस वर्षं ती शेवटच्या टेबलावर बसत होती. शिवून झालेला शर्ट पुढ्यात आला की उलटा करायचा, सुलटा करायचा, आणि लोंबणारा प्रत्येक दोरा छोट्या कात्रीने उडवायचा. दिवसाला चारशे शर्ट. बोटांना इतकी सवय लागली होती, की बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरला दोरा दिसला तरी ती वळवळायची. एकदा तर बँकेतल्या साहेबाच्या बाहीचा दोरा तिने बोलता बोलता कापला होता, आणि साहेब बिचारा दचकून "थँक्यू" म्हणाला होता.

"काम हातच करतात," ती म्हणायची. "डोकं नुसतं सोबतीला असतं."

नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, घराच्या खालीच. तरुणपणी एका अपघातात त्याचा उजवा गुडघा कायमचा आखडला होता. "जगाला चाकावर बसवतो आणि स्वतः काठीवर चालतो," असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. दुकानात त्याचा एकच कायदा. ज्या सायकलीचं काम अर्धवट आहे तिच्या हँडलला नारिंगी दोरा बांधायचा. काम पुरं झालं, दोनदा तपासून झालं, की दोरा काढायचा, आणि ज्याने बांधला त्यानेच काढायचा. दोरा आहे तोवर मालक आला तरी सायकल मिळायची नाही. एक डॉक्टर एकदा यावरून तासभर भांडले होते. हा शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचा पेशंट टाके घालता घालता उठून चालला तर तुम्ही सोडाल का?" डॉक्टर हसत पायी घरी गेले.

तो नारिंगी दोरा कारखान्यातलाच. रिळाला शेवटचे चार हात उरले की ती घरी आणायची.

मुलगा गेला त्याला चौदा महिने झाले होते. सव्वीस वर्षांचा होता. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, संध्याकाळी दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्याकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघत बोलू लागले, तेव्हाच तिला कळलं. दर रविवारी वनउद्यानातल्या डोंगरावर जाणारी त्याची निळी सायकल पुढच्या खोलीत दोन खुंट्यांना टांगलेली राहिली. घरात तिघं उरली आणि तिघंही त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायची.

मग एका बुधवारी लेक म्हणाली, "रविवारी दादाचा वाढदिवस. मी त्याच्या सायकलवर वर जाणार. बाबा, करून द्याल?"

बाबांनी घास खाली ठेवला. गुरुवारी संध्याकाळी सायकल भिंतीवरून खाली आली.

तीन संध्याकाळी तो तिच्यापाशी बसला. साखळी उकळवून काढावी तशी स्वच्छ केली, चाकं सरळ केली. शनिवारी पुढच्या ब्रेकची वायर हातात आली ती टोकाशी पिंजलेली, आणि मागच्या ब्रेकचे रबर तर दगड झालेले. दोन्हीही दुकानात नव्हतं. पलीकडच्या शहरातला त्याचा दोस्त म्हणाला, सकाळी पहिल्या बसने ये, दुकान उघडून देतो. त्याने जुनीच वायर तात्पुरती ओवली, बोल्ट बोटांनीच पिळला, हँडलला दोरा बांधला आणि झोपला. लेक उशिरा कामावरून आली. तिला कुणी काही सांगितलं नाही, कारण दोरा असताना तोंडाने सांगायची त्या घरात पद्धतच नव्हती.

रविवारी तो साडेपाचला बाहेर पडला. कात्रीबाई उठलेलीच होती. पुढच्या खोलीत सायकल उभी होती, दिव्याखाली निळी निळी. चौदा महिन्यांत तिने तिला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं. मऊ फडकं घेतलं, ओलं केलं आणि सीट पुसली. मग दांडी. दांडीवर त्याच्या अंगठीने पडलेला एक ओरखडा होता, त्यावरून फडकं तीनदा फिरवलं. लहानपणी त्याचे कान पुसायची तशी ती सगळी सायकल पुसत गेली, कानाकोपऱ्यातून, आणि हँडलपाशी आली तेव्हा डोळ्यांपुढे सगळं पाणी पाणी होतं. तेलाने काळा पडलेला एक दोरा लोंबत होता.

हात एप्रनच्या खिशात गेला. कात्री निघाली. टच.

दोरा खिशात, कात्री खिशात, आणि ती चहा ठेवायला आत गेली.

सहा वाजता लेक हेल्मेट शोधत बाहेर आली. "अगंबाई, बाबांनी दोरा काढला की! मग मी आत्ताच निघते, उन्हाच्या आत वर पोचते." आईने ते ऐकलं. कानाने ऐकलं. दूध उतू जात होतं. "किती वाजता येशील?" एवढंच विचारलं.

"दादाची जन्मवेळ दहा वाजून पाच ना? तोवर वर बसते. मग उतरते." जाता जाता तिने दोन्ही ब्रेक दाबून बघितले, दारातल्या दारात. लागले.

*

आठच्या ठोक्याला नवरा जिना चढून आला. हातात कागदात गुंडाळलेली वायर आणि रबरं. मोकळ्या भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "सायकल कुठाय?"

"गेली ना घेऊन. दोन तास झाले."

"घेऊन गेली? अगं, दोरा होता की तिला!"

कात्रीबाईचा हात खिशात होता. दोऱ्याची बारीक गाठ बोटांना लागली.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तो खुर्चीत बसला, काठी हातातून सुटली, आणि स्वतःच्याच तळहातांकडे बघत म्हणाला, "बांधला नसेन मी. बांधला असं वाटतंय, पण बांधला नसेन. हल्ली माझं लक्ष असतं कुठे?"

तिने तोंड मिटलं.

पुढे त्याने जे सांगितलं ते तिला शब्द न् शब्द आठवत राहिलं. चढताना काही होणार नाही. सपाटीवर हळू दाबला तर धरेलही. पण त्या उतारावर पहिल्याच वळणाला जोरात दाबला की वायर निसटणार. मागचा एकटा ब्रेक त्या रबरांवर पुरणार नाही. आणि डोंगराच्या एका बाजूला कठडा आहे तो गुडघ्याएवढा.

फोन लावला. लागला नाही. चढ सुरू झाला की रेंज जाते, हे लेकाच्या वेळेपासून माहीत होतं. रविवारी अकरापर्यंत उद्यानात मोटारी सोडत नाहीत. त्याने फाटकावरच्या चौकीला फोन केला. चौकीदार म्हणाला, जीप मागच्या फाटकाला गेलीय, रस्त्यावर झाड पडलंय. वरच्या चौकीचा माणूस वायरलेसवर उत्तर देत नाही, फेरीला गेला असेल. प्रयत्न करतो, साहेब.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू?"

"मग काय तुम्ही?" बोलून गेली आणि जीभ चावली. पण तो रागावला नाही. त्याने बोल्ट पिळायची पाच नंबरची एलन की तिच्या मुठीत दिली आणि मूठ आपल्या हातात धरली. "वायर खाली ओढून धरायची. उजवीकडे पीळ द्यायचा. आणि तरी तिला बसू देऊ नकोस. चालत आणायचं."

"कळलं."

"मला माफ कर," तो म्हणाला.

ती जिना उतरली.

*

दुकानातली भाड्याने द्यायची सायकल होती. पुढे टोपली, तीन गिअर, वजनाला म्हैस. लेकीची ट्रॅकपँट कमरेला सेफ्टीपिन लावून, वर तोच एप्रन, डोक्याला फडकं बांधून कात्रीबाई निघाली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. फाटकावर चौकीदाराने घड्याळाकडे, तिच्याकडे आणि टोपलीकडे बघितलं. "बाई, सात किलोमीटर चढ आहे. नऊ वळणं."

"माहिती आहे. मुलगा रोज सांगायचा."

चौकीदाराने ओळखलं. त्याने अडसर स्वतः उचलला.

डोंगर देखणा होता, हे तिला उगाच कळत होतं. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, पानांतून गळणारं ऊन, खाली दरीत धुकं दुधासारखं साठलेलं. बघायला वेळ नव्हता, आणि न बघावं तर तेच सगळं डोळ्यांत शिरत होतं. पहिल्या वळणापर्यंत ती बसून गेली. दुसऱ्याच्या आधीच मांड्यांत आग पेटली. उतरली, ढकलू लागली. जरा सपाट आलं की बसायची, चढ आला की उतरायची. वळणावर दगड होते आणि दगडावर आकडे रंगवलेले. तीन. चार बराच वेळ आलाच नाही.

"आई, एकदा वर चल ना," तो दर रविवारी म्हणायचा. "वरून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं. तू दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात."

"घर मी रोज झाडते. मला काय ते लांबून बघायचंय?" तिचं ठरलेलं उत्तर. सगळ्यांना हसू यायचं. एकदा, फक्त एकदा हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? रविवारी रविवारी काय एवढे डोंगर उपसत होती ती घरात?

चौथ्या वळणाशी मागून टायरचा आवाज आला. काळ्या चकचकीत कपड्यांतला एक तरुण वर निघाला होता, एंजिन लावल्यासारखा. ती रस्त्याच्या मध्ये आली, हात हलवला, "अहो, ऐका! वर एक मुलगी..." त्याच्या दोन्ही कानांत गाणी ऐकायची बोंडं होती. त्याला वाटलं, बाई प्रोत्साहन देतेय. त्याने अंगठा दाखवला, गोड हसला आणि वळणाआड गेला. कात्रीबाईने आयुष्यात कुणाला दिली नव्हती तशी शिवी दिली, आणि ती देण्यात वाया गेलेल्या श्वासाचा तिला पश्चात्ताप झाला.

पाचव्या दगडाशी वरून एक म्हातारे गृहस्थ सावकाश उतरत आले. तिला रस्त्याच्या मधोमध उभी बघून थांबले. शाळेतले निवृत्त मास्तर. सायकल घेऊन दुकानात नेहमी यायचे.

"तुम्ही? या सायकलवर?"

"माझी लेक... निळी सायकल..."

"आहे की. वर शेवटच्या बाकावर बसलीय. केळं दिलं मला अर्धं." मास्तरांनी तिचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. "काय झालं?"

तिने सांगितलं. ब्रेकचं सांगितलं. मास्तर एकदा वर बघत राहिले, एकदा आपल्या पायांकडे. "मी परत चढलो तर मलाच खाली आणायला माणसं लागतील, आणि तुमच्याहून लवकर काही पोचणार नाही. किती वाजले? नऊ वीस. दहा-पाच म्हणालीय ना? मग दहा-पाचच. ती पोरगी माझ्या वर्गात होती, घंटा झाल्याशिवाय उठायची नाही. मी खाली जाऊन तुमच्या मिस्टरांपाशी थांबतो. आणि हे बघा, वर बघू नका. पुढच्या चाकापुढचा हातभर रस्ता बघायचा. तेवढाच चढायचा."

"मिस्टरांना..." ती म्हणाली.

"काय सांगू?"

दोरा त्यांनी बांधला होता म्हणून सांगा. शब्द अगदी ओठांवर होते. पण परक्याच्या तोंडून ते खाली पाठवायचं म्हणजे निस्तरायला नोकर पाठवण्यासारखं वाटलं. "काही नाही. मी येते म्हणावं."

सहा. सात. हातभर रस्ता, पुन्हा हातभर रस्ता. डांबरावर मुंग्यांची एक रांग होती, ती तिने वळसा घालून ओलांडली. घामाने डोळे झोंबत होते. मनात एकच हिशेब चालला होता, आणि तो मिनिटांचा नव्हता. लोंबता दिसला की कापायचा, बावीस वर्षं हेच केलं. कुणी विचारलंही नाही की बाई, हा दोरा कशाला आहे बघितलंस का? घरात एक माणूस जे मुक्याने सांगतो ते तिला पाठ होतं. आणि तरी हाताने डोक्याला विचारलं नाही. वर तोंड मिटून घेतलं ते वेगळंच. त्याला तसाच खुर्चीत सोडून आली, स्वतःच्या हातांकडे बघत.

आठव्या दगडावर ती टेकली आणि लगेच उठली, कारण बसलं तर उठवणार नाही हे गुडघ्यांनी आधीच बजावलं होतं.

नवव्या वळणानंतर रस्ता सरळ होता. वर, दोनशे पावलांवर, आकाशाला लागून बाकांची रांग. आणि शेवटच्या बाकापाशी लेक उभी. हेल्मेटचा पट्टा लावत होती. मग तिने सायकल वळवली, तोंड उताराकडे केलं आणि एक पाय उचलून पेडलवर ठेवला.

कात्रीबाईने हाक मारली. आवाज निघालाच नाही. छातीत हवा होती ती सगळी रस्त्याने वापरून टाकली होती. पुन्हा तोंड उघडलं, नुसती शिट्टी वाजल्यासारखं झालं.

अंगठा आपोआप घंटीवर गेला.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग.

लेकीचा पाय खाली आला. ती घंटी तिने जन्मल्यापासून ऐकली होती. याच सायकलच्या टोपलीत बसून शाळेत गेली होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं, सायकल तशीच आडवी टाकली आणि धावत सुटली.

"आई! बाबा बरे आहेत ना? आई, बोल ना, बाबा..."

आईने मान हलवली. हो, हो. खाली बसली, रस्त्यातच. लेकीने पाणी पाजलं. त्या घरात धापा टाकत आलेल्या माणसाचा अर्थ एकच होऊन बसला होता, वाईट बातमी. तो पुसायला वेळ लागला.

"सगळे बरे आहेत," शेवटी आवाज फुटला. "ब्रेक कच्चा आहे. काम पुरं झालं नव्हतं. दोरा मी कापला."

लेकीने परत जाऊन सायकल उभी केली, आणि पुढचा ब्रेक उतारावर दाबावा तसा दाबला, सगळ्या जोराने. खट्कन आवाज झाला. वायर बोल्टमधून निसटली आणि मेलेल्या सापासारखी लोंबू लागली.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. मग लेक बाकावर बसली.

घड्याळात दहा वाजून आठ झाले होते.

कात्रीबाई तिच्याशेजारी बसत म्हणाली, "घर कुठल्या बाजूला?"

"काय?"

"दिसतं ना इथून. काडेपेटीएवढं. दोरीवरचे कपडे."

लेकीने तिच्याकडे बघितलं. "आई, इथून आपलं घर दिसत नाही. मध्ये ती टेकडी येते बघ. गल्लीसुद्धा दिसत नाही."

"पण तो तर..."

"मलाही तेच सांगायचा. मी पहिल्यांदा आले तेव्हा तासभर शोधत बसले, आणि हा माझ्यामागे उभा राहून हसतोय."

कात्रीबाईने टेकडीकडे बघितलं. खरंच, काही दिसत नव्हतं. नुसती झाडं, त्यापलीकडे झाडं, आणि एक नदी. "लबाड," ती म्हणाली. "मेला लबाड." आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला रडू आलं ते चौदा महिन्यांचं एकदम आलं. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मध्येच हसली, मध्येच तीही रडली.

निघताना तिने वायर खाली ओढली, उजवीकडे पीळ दिला. घट्ट बसली. लेकीने हात लावून बघितलं. "बसलीय की पक्की. हळूहळू बसून जाऊ?"

"नाही." तिने खिशातून काळा पडलेला नारिंगी दोरा काढला. कापल्यामुळे आखूड झाला होता, जेमतेम एक गाठ बसली. तिने तो हँडलला बांधला. दोघी नऊ वळणं चालत उतरल्या.

*

नवरा फाटकाशी उभा होता. मास्तरांनी खुर्ची आणून दिली होती, ती रिकामीच होती. लेक दिसली तसा तो काठी विसरून दोन पावलं पुढे आला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग खांद्यावर, मग दंडावर. चाक तपासावं तसा.

"माझी चूक झाली बाळा," तो म्हणाला. "मी दोरा बांधला नव्हता. मास्तरांना आत्ताच म्हणालो, दुकान बंद करतो. ज्याला आपण काय केलं ते आठवत नाही, त्याने लोकांच्या ब्रेकला हात लावू नये."

मास्तर आणि चौकीदार जमिनीकडे बघत होते.

"तुम्ही बांधला होता," कात्रीबाई म्हणाली. "मी कापला. सायकल पुसताना."

त्याला कळायला क्षणभर लागला. "सकाळी तुला माहीत होतं?"

"हो. तुम्ही विचारलंत तेव्हा तो माझ्या खिशातच होता."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही बोलले."

तिने त्याला तीस वर्षांत रागावलेला पुष्कळदा बघितलं होतं. हा राग वेगळा होता, आवाजच नसलेला. "चार तास," तो म्हणाला, "मी या हातांकडे बघत बसलोय. एका पोरासाठी काही करता आलं नाही, आणि दुसरीला यांनीच मारलं, असं म्हणत."

ती उभी राहिली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. त्यापुढे जोडायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि तिने जोडलंही नाही.

घरी आल्यावर दुकानात तो सायकल घेऊन बसला. नवी वायर घातली, नवे रबर बसवले, चाक फिरवलं, थांबवलं, फिरवलं, थांबवलं. कात्रीबाई दारात उभी होती. ती बसली नाही. त्याने दुसऱ्यांदा सगळं तपासलं. मग कापडाला हात पुसले आणि हँडलकडे बघितलं. ती आखूड गाठ त्याची नव्हती. त्याची गाठ तो हजारांत ओळखायचा.

"ही कुणी मारली?"

"मी. वर."

"मग माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. आवाज अजून कोरडा होता. पण त्याने बाजूचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. "कायदा माहीत आहे ना? ये. काम पुरं झालंय का ते आधी बघ."

तिने स्टुलावर बसून पुढचा ब्रेक दाबला. मग मागचा. वायरचा बोल्ट बोटाने चाचपला, रबर चाकाला कुठे टेकतं ते वाकून बघितलं, समजत नव्हतं ते विचारलं, आणि त्याने सांगितलं. मग तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं बघितलं.

त्यानंतर खिशातली कात्री काढली.